विश्लेषण : सैनिकाला न्यायाधीशाविना कोंडता येते का? दक्षिण कोरियात १२४ वर्षांची शिक्षा कशी संपली?

दक्षिण कोरियात धडधाकट तरुणाला लष्करी सेवा सक्तीची आहे. या काळात शिस्तभंग झाल्यास ‘योंगचांग’ची, म्हणजे छावणीतल्या कोठडीची भीती असे. त्याविरोधात एक सैनिक न्यायालयात गेला आणि २४ सप्टेंबर २०२० रोजी तेथील घटनात्मक न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी ही शिक्षा घटनाबाह्य ठरवली.

ही शिक्षा काय होती?

योंगचांग या शब्दाचा मूळ अर्थ छावणीतले कोठार. कोरियात राजेशाही असताना, १८९६ मध्ये ही शिक्षा लष्करी नियमांत आली. तुकडीच्या किंवा जहाजावरील कोठडीत सैनिकाला १५ दिवसांपर्यंत डांबता येई. शिवाय ते दिवस सेवेत धरले जात नसत. म्हणजे कोठडीही भोगायची आणि घरीही तितकेच दिवस उशिरा जायचे! ही तरतूद फक्त शिपायांसाठी होती. अधिकाऱ्यांना ती लागू नव्हती.

आक्षेप कशाला होता?

कोंडण्याचा हा निर्णय न्यायाधीश घेत नसे. शिस्तपालन समिती शिक्षा ठरवे आणि लष्कराचाच विधि अधिकारी ती तपासे. शिक्षेची कारणेही इतकी मोघम होती, की किरकोळ चूकही त्यांत बसावी. शिक्षा रद्द करून घेण्यासाठी लढणाऱ्या सैनिकाने या कायद्यालाच आव्हान दिले. अशाच दुसऱ्या प्रकरणात तर खुद्द न्यायालयानेच हा प्रश्न घटनात्मक न्यायालयाकडे पाठवला. दोन्हींची सुनावणी एकत्र झाली.

आधी काय झाले होते?

सक्तीची सेवा पोलिस तुकडीत करणाऱ्यांनाही ही शिक्षा होई. त्या तरतुदीवर २०१६ मध्ये निकाल लागला, तेव्हा नऊपैकी पाच न्यायमूर्तींनी ती घटनाबाह्य मानली. तरीही ती टिकली, कारण कायदा रद्द करण्यासाठी सहा मते लागतात. एका मताने हुकलेला हा निकाल पुढच्या लढाईचे बळ ठरला असावा.

२०२० मध्ये न्यायालय काय म्हणाले?

शिस्त हवीच, पण त्यासाठी शरीरस्वातंत्र्य इतके हिरावणे प्रमाणाबाहेरचे आहे, असे बहुमताने ठरवले. त्यांपैकी काही न्यायमूर्तींनी न्यायाधीशाच्या वॉरंटचा मुद्दाही मांडला. मतभेद नोंदवणाऱ्या दोघांना मात्र लष्कराच्या शिस्तीसाठी ही तरतूद आवश्यक वाटली. विशेष म्हणजे, तोवर संसदेने कायदा बदलला होता आणि ५ ऑगस्टपासून योंगचांग बंदही झाले होते. निकाल जुन्या कायद्यावर होता, पण जुन्या कायद्याखाली शिक्षा झालेल्या अर्जदारांसाठी तोच महत्त्वाचा होता.

कोठडीच्या जागी आता १५ दिवसांपर्यंतचे ‘शिस्त प्रशिक्षण’ आले आहे. तेही दिवस सेवेत धरले जात नाहीत. कुलूप गेले, घरी जायची तारीख मात्र अजूनही लांबते.

भारतात काय स्थिती?

१९५० च्या लष्कर कायद्यातील कलम ८० नुसार कमांडिंग अधिकारी जवानाला कोर्ट मार्शलशिवाय २८ दिवसांपर्यंत लष्करी कोठडीत कारावास देऊ शकतो. आपल्याकडे भरती सक्तीची नाही, हा मोठा फरक. शिवाय राज्यघटनेचे कलम ३३ सशस्त्र दलांतील व्यक्तींचे मूलभूत हक्क मर्यादित करण्याचा अधिकार संसदेला देते. कोरियन सैनिकाने वापरलेली वाट त्यामुळे इथे बरीच अरुंद आहे.