गाळणी एक, टाक्या अनेक

घरी शोभेचे मासे पाळणाऱ्याची हौस एका काचेच्या टाकीवर क्वचितच थांबते. दुसरी, तिसरी टाकी आली की प्रश्न पडतो : प्रत्येकीस निराळी गाळणी, म्हणजे फिल्टर, हवा काय? एकही पुरतो. मात्र त्याचे लाभ व धोके एकाच कारणातून उद्भवतात. ते आम्ही येथे सांगू इच्छितो.

फिल्टर केवळ गाळ अडवितो, हा समज अपुरा आहे. माशांच्या शरीरातून बाहेर पडणारा अमोनिया विषारी असतो. फिल्टरच्या स्पंजावर वाढणारे सूक्ष्मजीव त्याचे आधी नायट्राइट व मग बरेच सौम्य असे नायट्रेट बनवितात. नव्या स्पंजावर ते पुरेसे वाढण्यास सामान्यतः ४ ते ६ आठवडे लागतात.

टाक्या मांडणीवर व कुंड खाली ठेवावे. प्रत्येक टाकीच्या काठाजवळील छिद्रातून पाणी नळीने कुंडात उतरते, तेथे स्पंजातून गाळले जाते आणि पंपाने पुन्हा वर चढते. ४० लिटरच्या तीन टाक्या जोडल्या की पाणी १२० लिटर होते. एकीत मासा मेला तरी विष साऱ्या पाण्यात विरून सौम्य होते.

वीज गेली तर? पंप थांबतो, पण छिद्रापर्यंतचे पाणी खाली येतच राहते. टाकी ६० सें.मी. लांब, ३० सें.मी. रुंद असून पातळी २ सें.मी. उतरली, तर ३.६ लिटर पाणी येईल; तीन टाक्यांचे १०.८ लिटर. तेवढी जागा कुंडात रिकामी हवीच. पंपाच्या नळीचे तोंडही पाण्यात खोल बुडवू नये. नाहीतर वक्रनलिकेप्रमाणे तीच टाकी उपसेल.

खरा धोका निराळाच आहे. पाणी एक झाले की रोगही एक होतो. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचे परजीवी पाण्यात पोहत दुसरा मासा शोधतात. स्पंज त्यांना हमखास अडवीत नाही. म्हणून नवा मासा ३-४ आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवावा. त्याची जाळीही निराळी असावी. त्या भांड्यासाठी एक लहान स्पंज आधीच कुंडात ठेवून तयार करावा. सूक्ष्मजीव आयतेच मिळतात. मात्र मासा आजारी निघाल्यास तो स्पंज कुंडात परत घालू नये.

उपकारक सूक्ष्मजीव सर्वांना वाटावेत, रोग मात्र वाटू नये. एका फिल्टरवर अनेक टाक्या चालविण्याचे मर्म एवढेच आहे.