तिगावच्या पाषाणाचे समुद्रातले भाऊबंद

आपल्या तिगावच्या शिवारात विहीर खणायला घेतली की काळ्या मातीखाली मुरूम लागतो आणि मुरुमाखाली काळा पाषाण. हा पाषाण म्हणजे थंड झालेला लाव्हा, हे शाळेत सगळ्यांनीच वाचलेलं असतं. पुस्तक सहसा इथेच थांबतं. तो लाव्हा ज्या चुलीतून आला ती चूल अजून पेटलेली आहे, हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे, आणि तिने वाटेत मागे सोडलेल्या डोंगरांनी शिडाच्या कितीतरी जहाजांचे तळ फाडले, हे सांगायचं राहून जातं.

सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता आणि उत्तरेकडे सरकत होता. त्या चुलीच्या तप्त जागेवरून जाताना दख्खनवर लाव्ह्याचे थरावर थर पडले. समुद्र तेव्हा आपल्यापासून आजच्याइतका लांब नव्हता. छिंदवाडा जिल्ह्यातल्या मोहगाव कलां इथे लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या गाळात नीपा या खाजणात वाढणाऱ्या माडाची फळं दगड होऊन सापडली आहेत. त्याच जिल्ह्यात झिलमिलीच्या गाळात समुद्रात तरंगणाऱ्या सूक्ष्मजीवांची कवचं मिळाली, ती 2009 साली प्रसिद्ध झाली. म्हणजे समुद्राचा एक फाटा आपल्या अंगणापर्यंत आला होता, असं त्या संशोधकांचं म्हणणं.

पुढे जमीन सरकली, खालची आग राहिली. तिच्यावरून समुद्रतळ सरकत गेला आणि ज्वालामुखींची एक लांबलचक रांग उभी राहिली. 1987 साली एका संशोधन जहाजाने या रांगेत समुद्रतळाला भोकं पाडून खालचा काळा पाषाण वर काढला. मालदीवजवळचा सुमारे 5.7 कोटी वर्षांचा निघाला, चागोसजवळचा 4.9 कोटींचा. मॉरिशस तर जेमतेम 80 लाख वर्षांचं आहे. दक्षिणेकडे जावं तसं वय कमी. रांगेच्या टोकाला रियुनियनवरचा पिटॉन द ला फुर्नेझ आजही उफाळतो.

मग हे डोंगर गेले कुठे? बुडाले. थंड होणारा समुद्रतळ हळूहळू खाली बसतो आणि डोंगराला घेऊन बसतो. पण प्रवाळाला जगायला ऊन लागतं. डोंगर खाली गेला तसा प्रवाळ आपल्याच मेलेल्या सांगाड्यांवर वर वर बांधत राहिला. डोंगर दिसेनासा झाला आणि त्याच्या काठावरचं प्रवाळाचं कडं तेवढं पाण्याच्या पातळीला राहिलं. लक्षद्वीप आणि मालदीव म्हणजे अशीच कडी.

शिडाच्या जहाजाच्या तांडेलाला याहून वाईट काही मिळणार नाही. बेटाची उंची एक-दोन मीटर. डेकवर चार मीटर उंचीवर डोळा धरला तर क्षितिज सात किलोमीटरवर संपतं. बेटावर वीस मीटरचे माड असतील तर त्यांचे शेंडे तेवीस किलोमीटरवरून दिसतील, आणि ताशी अकरा किलोमीटरने जाणारं जहाज दोन तासांत तिथे पोचेल. हे झालं दिवसा, हवा स्वच्छ असताना, आणि माड असले तर. लक्षद्वीपच्या उत्तरेकडची चेरियापाणी, वलियापाणी ही खडपं भरतीला जवळजवळ पूर्ण पाण्याखाली असतात. तिथे माड कुठला?

आपल्या कोकणच्या तांडेलाला धोका नव्हता असं नाही. सिंधुदुर्गाच्या कुरटे बेटाभोवती, मालवणच्या बंदरात, पाण्याखालचे खडक इतके आहेत की वाट ठाऊक असलेला माणूस नसेल तर होडीही अडकेल. 1664 साली शिवाजी महाराजांनी किल्ल्यासाठी ती जागा निवडली त्यात या खडकांचा मोठा वाटा असणार. तट बांधण्याआधीच अर्धा पहारा बसलेला. पण कोकणासमोरचा समुद्रतळ उतरता आणि गाळाचा आहे, मुंबईसमोर तर उथळ पाण्याचा हा पट्टा सुमारे 300 किलोमीटर रुंद आहे. किनारा जवळ येतोय हे खोली मोजून आधीच कळतं. विजयदुर्गाच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर प्रवाळाचा एक मोठा उंचवटा आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचा, आंग्रिया बँक. तोही पाण्याखाली वीसेक मीटरवर, म्हणजे जहाजाचं पोट लागणार नाही इतका खोल.

खोली मोजायचं साधन अगदी साधं होतं, आणि मला तरी ते फार देखणं वाटतं. तीन ते सहा किलोचा शिशाचा लांबट गोळा आणि त्याला बांधलेला दोर. दोरावर वावांच्या खुणा: दोन वावांवर चामड्याच्या दोन पट्ट्या, तीनवर तीन, पाचवर पांढरं कापड, सातवर तांबडं, दहावर भोक पाडलेलं चामडं, तेरावर निळं. कापडं वेगवेगळ्या पोताची असत. अमावास्येच्या रात्री रंग दिसत नाही, पण सुती कोणतं आणि लोकरीचं कोणतं हे खलाशाच्या बोटांना कळतं. गोळ्याच्या बुडाला एक खळगा, त्यात चरबी भरलेली. तळाला टेकला की चरबीला वाळू, चिखल, शिंपल्यांचा चुरा चिकटून येतो. किती खोल आणि खाली काय, दोन्ही एकाच फेकीत.

प्रवाळाच्या कड्यापाशी हेच साधन निकामी ठरतं. बाहेरची बाजू भिंतीसारखी सरळ खाली गेलेली. एका फेकीला तळ लागतच नाही, पुढच्या फेकीआधी जहाज खडकावर असतं. मग उरतात डोळे. सूर्य पाठीशी आणि डोक्यावर असेल तेव्हाच, म्हणजे साधारण दहा ते तीनच्या दरम्यान, डोलकाठीवर चढलेल्या माणसाला पाण्याचे रंग वाचता येतात. गडद निळं म्हणजे खोल, हिरवट म्हणजे उथळ वाळू, तपकिरी डाग म्हणजे जिवंत प्रवाळ. सूर्य समोर आला की सगळं चकाकतं आणि काही दिसत नाही.

चुकीचा नकाशा तर नकाशा नसण्यापेक्षा वाईट. 1786 साली अॅटलास नावाचं जहाज दिएगो गार्सियावर आदळून फुटलं. त्यावरचा जेम्स हॉर्सबर्ग वाचला, नकाशांच्या चुकांनी हे झालं हे त्याच्या मनात बसलं, आणि उरलेलं आयुष्य त्याने पूर्वेकडच्या समुद्रांची माहिती गोळा करण्यात घालवलं. 1810 मध्ये तो ईस्ट इंडिया कंपनीचा जलसर्वेक्षक झाला. नकाशात चूक शिरणं सोपं होतं: बेटाचा रेखांश काढायला अचूक घड्याळ लागतं. घड्याळ एक मिनिट चुकलं तर विषुववृत्ताजवळ बेट नकाशावर सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटर सरकतं.

प्रत्यक्ष मोजणी मुंबईच्या जहाजांनी केली. कंपनीच्या मुंबईतल्या आरमाराचा, म्हणजे बॉम्बे मरीनचा, रॉबर्ट मोर्सबी 1828 मध्ये लक्षद्वीपला होता, नंतर तांबड्या समुद्रात, 1834 ते 1836 मालदीवमध्ये, मग चागोसला. डोंगर नाही, देवळाचा कळस नाही, मग कोन कशाचा घ्यायचा? अशा ठिकाणी सर्वेक्षक वाळूवर निशाणं रोवतात आणि होडीतून सेक्स्टंटने तीन निशाणांमधले कोन मोजून आपली जागा पक्की करतात. दोन जागांमधलं अंतर काढायला तोफ उडवायची पद्धत होती: उजेड दिसला की घड्याळ बघायचं, आवाज दहा सेकंदांनी आला तर अंतर सुमारे 3.4 किलोमीटर. मालदीवमध्ये तापाने माणसं आजारी पडत होती, तरी काम चालू राहिलं. शिसं फेकणारे खलाशी मुंबईच्या जहाजांवर बरेचसे कोकणातले असत. त्यांची नावं नकाशावर कुठेच नाहीत, हे मला खटकतं.

या नकाशांनी जहाजं वाचवली, शिवाय एक कोडंही सोडवलं. चार्ल्स डार्विन 1836 मध्ये कीलिंग बेटांवर होता. तिथे दहा वावांच्या आत शिसं टाकलं की चरबी स्वच्छ यायची, तिच्यावर जिवंत प्रवाळाचे ठसे उमटलेले. खोल जावं तशी वाळू वाढत जायची. किनाऱ्यापासून 2200 यार्डांवर मात्र 7200 फूट दोर सोडूनही तळ लागला नाही. प्रवाळ उथळ पाण्यातच जगतो आणि कडा तर अथांग खोल, हे दोन्ही खरं असेल तर खालची जमीन बुडालेली असली पाहिजे. 1842 सालच्या पुस्तकात हे मांडताना त्याने मोर्सबीचे मालदीव आणि चागोसचे नकाशे हाताशी घेतले होते. त्याला दुजोरा मिळायला 110 वर्षं लागली: 1952 मध्ये प्रशांत महासागरातल्या एनिवेटॉक बेटावर सुमारे 1400 मीटर खणल्यावर प्रवाळाखाली काळा पाषाण लागला.

आता उपग्रह आहेत, तर हे सगळं इतिहासजमा झालं असं वाटू शकतं. 17 जानेवारी 2013 रोजी अमेरिकी नौदलाचं यूएसएस गार्डियन हे जहाज फिलिपिन्सच्या तुब्बताहा प्रवाळावर चढलं. त्याच्या संगणकातल्या नकाशात ते खडप खऱ्या जागेपासून सुमारे 8 सागरी मैल दूर दाखवलं होतं. दुसऱ्या नकाशात जागा बरोबर होती. ती कोणी ताडून पाहिली नाही. जहाज निघेना, शेवटी जागच्या जागी कापून तुकडे तुकडे करून न्यावं लागलं. भारताचे सागरी नकाशे तयार करणारं राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय समुद्रापासून आपल्याहूनही लांब, देहरादूनला आहे. तिथून दर पंधरवड्याला दर्यावर्दींसाठी दुरुस्त्यांची यादी निघते, आणि जहाजावरच्या नकाशात त्या दुरुस्त्या करून घ्याव्या लागतात.