गोळीला कोण संदर्भ देतं?

बुलढाण्याहून राजूर घाट उतरून मोताळ्याकडे आलं की कपाशीची रानं लागतात. रात्री मोटर चालू करायला गेलेल्या माणसाला लाल विंचू चावला आणि विष भिनलं, तर दरदरून घाम फुटतो, उलट्या होतात, हातपाय गार पडतात. विषामुळे मज्जातंतूंतल्या सोडियमच्या वाटा बंदच होत नाहीत; ॲड्रेनॅलिनसारखी द्रव्यं रक्तात उसळतात, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकतं. खोकल्यातून गुलाबी फेस आला म्हणजे फुप्फुसात पाणी झालं.

अशा वेळी डॉक्टर प्राझोसिनची गोळी देतात. ती मुळात रक्तदाबाची. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते. विंचूदंशावर ती रुजवली डॉ. हिंमतराव बावस्करांनी. शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या देहेडचा हा माणूस रायगडातल्या महाडला स्थिरावला. 1982 साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी विंचूदंशातली धोक्याची लक्षणं मांडली, 1986 साली त्याच नियतकालिकात पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह प्राझोसिनचा अनुभव लिहिला. ना विद्यापीठ, ना मोठी प्रयोगशाळा. समोर रुग्ण आणि हातात वही.

आता हे काम मोजायचं कसं? भौतिकशास्त्रज्ञ होर्खे हिर्श यांनी 2005 साली एच-इंडेक्स सुचवला. एखाद्याच्या वीस लेखांचा प्रत्येकी किमान वीसदा संदर्भ घेतला गेला, तर त्याचा एच-इंडेक्स निदान वीस. हिशेब सोपा, म्हणूनच नेमणुका आणि बढत्यांच्या टेबलावर तो जाऊन बसला. पण संदर्भ देतो तो लेख लिहिणारा. कर्करोगावर लिहिणारे जगभर आहेत, विंचूदंशावर मूठभर. ग्रामीण रुग्णालयात रात्री दोनला गोळी देणारा वैद्यकीय अधिकारी तर कुणाचाच संदर्भ देत नाही; त्याचा रुग्ण बरा होऊन घरी जातो, आकडा हलत नाही.

म्हणून शोधनिबंध म्हणजे नुसता कागदी सोस, असं म्हणणंही मला पटत नाही. ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं नसतं, तर हा उपचार कदाचित महाडच्या आसपासच राहिला असता.

शिवाय छापलेलं पुन्हा तपासता येतं, आणि बावस्करांनी ते स्वतःच तपासलं. 2011 साली ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या चाचणीत सत्तर रुग्ण होते. दहा तासांत पूर्ण बरे होण्याचं प्रमाण नुसत्या प्राझोसिनवर 22.9 टक्के, तर जोडीला विंचूची प्रतिविषलस दिल्यावर 91.4 टक्के. आपल्याच नावाशी जोडलेली गोळी एकटी मागे पडते, हे दांपत्याने स्वतःच्या सहीने छापलं. संदर्भांच्या बेरजेत या प्रामाणिकपणाचा रकाना नाही.

2022 साली डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली. 2025च्या सुरुवातीला बुलढाण्याच्याच शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा इथल्या लोकांचे केस मुठीने गळू लागले, तेव्हाही ते नमुने घेऊन तपासाला लागले. रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियमवर त्यांनी बोट ठेवलं. मोताळ्यात त्या दिवसांत बायका रेशनचा गहू नुसता निवडत नव्हत्या, तो आला कुठून हेही विचारत असणार.