घाई प्रणालीची, प्रतीक्षा निकालाची

नेरूळ, प्रतिनिधी : संगणक प्रणाली आणली, सुरू केली की काम फत्ते, असा समज सर्वत्र आढळतो. तो किती महागात पडतो, हे मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेल्या नेरूळमधील महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांनीही २०१७ मध्ये अनुभवले.

विद्यापीठाने त्या वर्षी सतरा लाखांहून अधिक उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचे ठरविले. परीक्षा सुरू झाल्या, तरी हे काम सोपविण्याची प्रक्रिया पूर्ण झालेली नव्हती. निकालासाठी कायद्याने घातलेली ४५ दिवसांची मर्यादा उलटली. कुलपती या नात्याने राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदतही हुकली. अनेकांचे पुढील प्रवेश अडचणीत आले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरू डॉ. संजय देशमुख यांना पद गमवावे लागले.

प्रणाली विकासाचे जीवनचक्र ही शिस्त नेमकी अशा घाईला आवर घालते. प्रथम गरजेचा अभ्यास : उत्तरपत्रिका किती, परीक्षक किती, संगणक किती? त्यानंतर आराखडा आणि आज्ञावलीचे लेखन. पुढे चाचणी, तीही आधी एखाद्याच विषयाच्या उत्तरपत्रिकांवर. मग परीक्षकांचे प्रशिक्षण आणि प्रत्यक्ष वापर. शेवटी देखभाल, तीतून नव्या गरजा उमगतात आणि चक्र पुन्हा फिरू लागते.

आराखड्यातील चूक कागदावर खोडता येते. वापर सुरू झाल्यावर तीच चूक निस्तरायला महिने लागतात आणि ते महिने विद्यार्थ्यांच्या आयुष्यातून वजा होतात.