खुंट्या बदलण्याआधी

लिओ फेंडर यांना गिटार वाजवता येत नव्हती. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि वादक मंडळी आपले बिघडलेले अँप्लिफायर तिथे घेऊन येत. १९५० च्या सुमारास या दुरुस्तीवाल्याने एक इलेक्ट्रिक गिटार बाजारात आणली. तिलाच पुढे टेलिकास्टर हे नाव मिळालं. १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर आली. या दोन्ही वाद्यांची मान शरीराला चिकटवलेली नाही, ती चार स्क्रूंनी कसलेली आहे. बिघडेल तेवढं काढावं आणि दुसरं बसवावं, हा रेडिओच्या दुकानातला हिशेब त्यांनी वाद्याला लावला. आज घरपोच मागवता येणाऱ्या स्वस्त इलेक्ट्रिक गिटारींपैकी बऱ्याचशा याच स्ट्रॅटोकास्टरच्या नकला असतात. त्यामुळे सुटे भाग बदलण्याची सोयही त्यांच्याबरोबर आपसूक येते.

खानदेशातल्या सावद्यात बसून गिटार सुधारू पाहणाऱ्या मुलाला ही गोष्ट मोठ्या कामाची आहे. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर महामार्गावरच्या या गावात गिटारचा कारागीर शोधायला गेलात तर भुसावळ, जळगाव करत शेवटी मुंबईच गाठावी लागेल. पण केळीच्या पट्ट्यात विहिरींवरच्या मोटारी जळणं काही थांबत नाही, म्हणून मोटर रिवायंडिंगवाला हाकेच्या अंतरावर असतो. मोबाइल दुरुस्त करणाऱ्याकडे बारीक टोकाचं सोल्डरिंग आयर्न आणि मल्टीमीटर असतो. दुचाकीच्या गॅरेजात टॅपेट बसवायचं फीलर गेज असतं, लेथवाल्याकडे व्हर्नियर कॅलिपर असतो. गिटारच्या कामाला लागणारी निम्मी हत्यारं गावातच आहेत. सुटे भाग मात्र कुरिअरने येतात आणि चुकीचा भाग परत पाठवण्यात पंधरवडा सहज जातो. म्हणून आधी माप, मग ऑर्डर.

विकत आणलेल्या वाद्यात हात घालायचा म्हटलं की घरची मंडळी बिचकतात. आपली परंपरा खरं तर याच्या उलट आहे. मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथला कारागीर घोडी घासून जवारी काढतो आणि काही महिने वाजवून ती झिजली की वादक ती पुन्हा काढून घेतो. विश्वमोहन भट्ट यांनी तर परदेशी गिटारवर चिकारीच्या आणि तरफेच्या तारा चढवून मोहनवीणा तयार केली आणि १९९४ मध्ये ग्रॅमी पारितोषिक मिळवलं.

प्रश्न फक्त कुठून सुरुवात करायची, एवढाच आहे. मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून नवशिका पहिल्यांदा तारांचं कंपन टिपणारा पिकअप बदलायला निघतो, कारण आवाज तिथून निघतो असं त्याला वाटतं. माझ्या मते हा क्रम पुरता उलटा आहे. स्वस्त गिटार बहुधा तार जिथे जिथे टेकते तिथे कच्ची असते. तार खुंटीवरून निघते, मानेच्या टोकाला असलेल्या खाचांच्या पट्टीवरून म्हणजे नटवरून जाते, मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर म्हणजे फ्रेटवर दाबली जाते आणि शरीरावरच्या घोडीवर म्हणजे ब्रिजवर संपते. या वाटेवर ती कुठे अडकत असेल तर हजारो रुपयांचा पिकअप बेसूर आवाजच मोठा करून ऐकवील.

पहिला खर्च तारांचा. कारखान्यातून आलेल्या तारा कधी चढवल्या गेल्या याचा पत्ता नसतो. नवशिक्याने ९ ते ४२ हा पातळ संच घ्यावा. हे आकडे तारेची जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत सांगतात. नेहमीच्या सुरात लावल्यावर या सहा तारा मिळून मानेवर ४० किलोच्या आसपास ओढ देतात. १० ते ४६ चा संच चढवला तर ती ४७ किलोच्या आसपास जाते. म्हणजे तारांची जाडी बदलली की मानेचा बाक बदलतो आणि मानेच्या आत दडलेली लोखंडी कांब, ट्रस रॉड, नव्याने जुळवावी लागते.

इथे गॅरेजातलं फीलर गेज उपयोगी पडतं. जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबून धरायची आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली किती फट राहते ते पाहायचं. ०.२ ते ०.३ मिलिमीटर असली की पुरे. जास्त असेल तर ॲलन की पाव फेरा फिरवायची, पुन्हा सूर लावायचा, पुन्हा मोजायचं. जोर लावावा लागत असेल तर तिथेच थांबावं, कारण कांबेचे आटे गेले तर ती गिटारच्या किमतीत दुरुस्त होत नाही. त्यानंतर बाराव्या फ्रेटवर तारेची उंची बघावी. पातळ तारेला दीड आणि जाड तारेला दोन मिलिमीटरच्या आसपास उंची हाताला सोपी जाते. शेवटी इंटोनेशन. बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर त्याच जागी नुसतं बोट टेकवून काढलेल्या सुरापेक्षा चढा निघाला, तर ब्रिजवरचं सॅडल मागे सरकवायचं. उतरा निघाला तर पुढे. एवढं केल्यावर अर्ध्या लोकांना पुढची खरेदी करावीशीच वाटणार नाही.

खानदेशाचा उन्हाळा या सगळ्यात ढवळाढवळ करतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास पोचतो, कोरड्या हवेत फिंगरबोर्डचं लाकूड आकसतं आणि फ्रेटची धातूची टोकं कडेला बोटांना बोचू लागतात. रात्री त्याच खोलीत कूलरची ओली हवा सुटली की मान पुन्हा हलते. गिटार कूलरसमोर टांगू नये, पत्र्याच्या खोलीत ठेवू नये, उन्हात बंद गाडीत तर नाहीच नाही.

आता नट. सूर लावताना ‘टिंग’ असा आवाज येऊन तार एकदम चढली, तर दोष खुंटीचा नसतो. तार नटच्या खाचेत अडकलेली असते. शाळेच्या पेन्सिलीचं शिसं खाचेत घासून बघा, बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. नाही भागलं तर पोकळ प्लास्टिकच्या जागी हाडाचा नट आणावा. सतारीच्या घोडीलाही हाड किंवा शिंग वापरण्याची पद्धत जुनी आहे. घरात हाड चालत नसेल तर ग्राफाइटचा नट मिळतो, कामाला तोही चांगला. मानेची रुंदी (बहुतेक ४२ ते ४३ मिलिमीटर) मोजूनच मागवावा आणि उंची कमी करायची तर खालची बाजू सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासावी. खाचा खोल करण्याच्या फंदात पडू नये. खाच जास्त खाली गेली की मोकळी तार फ्रेटवर खरखरते आणि नट टाकून द्यावा लागतो.

खुंट्यांचा नंबर यानंतर. तार खुंटीवर दोन-तीन वेढेच घेऊन नीट चढवली आणि हाताने हलकी ताणून बसवली, तर ‘खराब’ ठरवलेल्या कित्येक खुंट्या सूर धरतात. तरीही दात्यांमध्ये ढिलेपणा जाणवत असेल तर बदला. दात्यांचं प्रमाण १४:१ म्हणजे चावी चौदा वेळा फिरवली की खुंटी एकदा फिरते. १८:१ मध्ये सूर आणखी बारकाईने लावता येतो. तार जागच्या जागी आवळणाऱ्या लॉकिंग खुंट्या सोयीच्या असतात, पण त्यांचं छिद्र साधारण १० मिलिमीटरचं लागतं आणि जुन्या धर्तीच्या गिटारींत ते लहान असतं. व्हर्नियर इथे कामी येतो. छिद्र मोठं करायचंच असेल तर हातातल्या ड्रिलवर सोपवू नका, सुताराकडून रीमरने करून घ्या.

ब्रिज बदलताना सर्वांत जास्त फसगत होते. स्क्रू सहा की दोन, तारांमधलं एकूण अंतर ५२ मिलिमीटरच्या आसपास की ५६, आणि स्वस्त गिटारचं शरीर किती जाड, हे तिन्ही जुळावं लागतं. पातळ शरीरात ब्रिजखालचा पूर्ण उंचीचा धातूचा ठोकळा मागच्या बाजूने बाहेर डोकावतो.

वायरिंगचं काम त्या मानाने सोपं आणि सुरक्षित, कारण साध्या गिटारच्या आत घरची वीज येत नाही. आवाजाच्या बटणाखालचा पॉट खरखरत असेल तर त्यावर आधी कॉन्टॅक्ट क्लीनर मारून बघावा. सिंगल कॉइल पिकअपला २५० किलोओहमचा पॉट आणि दोन कॉइलच्या हमबकरला ५०० चा, अशी रूढ जोडी आहे. स्वस्त गिटारींत पॉट बहुधा लहान असतात आणि मोठ्या पॉटची मान प्लेटच्या छिद्रात बसत नाही, हेही आधी तपासावं. गुणगुण फार असेल तर ब्रिजला जोडलेली अर्थची वायर तुटलेली आहे का ते मल्टीमीटरने पाहा. लाइट गेल्यावर साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर गुणगुण वाढते, तो गिटारचा दोष नव्हे. अँप्लिफायरच्या पोटात मात्र हात घालू नये. तिथले कपॅसिटर प्लग काढल्यावरही झटका देऊ शकतात.

सगळ्यात शेवटी पिकअप. स्ट्रॅटोकास्टरच्या धर्तीच्या एका पिकअपमध्ये केसाइतक्या, सुमारे ०.०६ मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचे आठ हजारांच्या आसपास वेढे असतात. मोटारीची कॉइल भरणाऱ्याला त्यामागचं तत्त्व एका वाक्यात कळेल, पण त्याच्या मशीनवर ही तार क्षणभरही टिकणार नाही. ती त्याच्याकडून भरून घेण्याचा हट्ट सोडा; जुने सांधे सोडवून नवे सोल्डर करून द्या म्हणा, ते तो सफाईने करील. मुळातली गुणगुण घालवायची असेल तर दोन कॉइल उलटसुलट जोडलेला हमबकर घ्यावा. गिब्सन कंपनीत सेठ लव्हर यांनी तो १९५५ मध्ये याचसाठी तयार केला. सिंगल कॉइलच्या जागेत बसणारे हमबकरही मिळतात, त्यामुळे लाकूड कोरावं लागत नाही.

पिकअपवर गिटारच्या निम्म्या किमतीपेक्षा जास्त खर्च होत असेल तर ते पैसे बाजूला ठेवून आधी बऱ्यापैकी अँप्लिफायर घ्यावा. सहा इंची स्पीकरच्या छोट्या डब्यातून महागडा पिकअपही पातळच वाजतो. काढलेले मूळ भाग त्यांच्या स्क्रूंसकट एका डब्यात नाव लिहून ठेवावेत. जुन्या गिटारचं गिऱ्हाईक नव्या भागांचे वेगळे पैसे सहसा देत नाही. विकताना मूळ भाग परत चढवायचे आणि नवे पुढच्या गिटारसाठी काढून घ्यायचे.