यंत्रानें किती विचार करावा?

परीक्षेच्या दालनांत दोन प्रकारचे विद्यार्थी हटकून आढळतात. एक प्रश्न पुरा वाचण्यापूर्वींच उत्तर लिहूं लागतो. दुसरा दोन गुणांच्या प्रश्नावर अर्धा तास डोकें धरून बसतो आणि दहा गुणांचा प्रश्न कोरा ठेवून उठतो. दोघेही हुशार असूं शकतात. त्यांचें चुकतें तें ज्ञानांत नव्हे, तर कोणत्या प्रश्नाला किती विचार द्यावा या अंदाजांत. संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मनुष्याला आतां हाच अंदाज आपल्या यांत्रिक मदतनिसाच्या बाबतींत रोज बांधावा लागतो.

हा मदतनीस म्हणजे एआय. प्रोग्रॅमरनें त्याला साध्या भाषेंत काम सांगावयाचें, आणि त्यानें कोड वाचून, लिहून वा दुरुस्त करून द्यावयाचा. आरंभीं हीं मॉडेलें प्रश्न समोर येतांच उत्तर देऊं लागत. २०२२ सालीं संशोधकांनीं असें दाखविलें कीं, मॉडेलला पायरीपायरीनें हिशेब मांडावयास लावलें म्हणजे गणिताचीं उत्तरें पुष्कळ अधिक बरोबर येतात. सप्टेंबर २०२४ मध्यें ओपनएआय या अमेरिकन कंपनीनें उत्तरापूर्वीं स्वतःशीं दीर्घ विचार करणारें 'ओ१' हें मॉडेल बाहेर आणलें. जानेवारी २०२५ मध्यें आलेल्या 'ओ३-मिनी'मध्यें तो विचार कमी, मध्यम किंवा अधिक ठेवण्याची सोय प्रोग्रॅमरच्या हातीं होती. आणि पुढच्याच महिन्यांत अँथ्रॉपिक कंपनीच्या 'क्लॉड ३.७ सॉनेट'मध्यें विचाराची मर्यादा टोकनांच्या आंकड्यांतच सांगतां येऊं लागली. टोकन म्हणजे एखादा शब्द किंवा शब्दाचा तुकडा.

यंत्राचा विचार म्हणजे तरी काय? पाटीच्या कोपऱ्यांत मुलगा कच्चा हिशेब करतो, तशा स्वरूपाचें तें लिखाण असतें. पुष्कळदां तें वापरणाऱ्याला सबंध दिसतही नाहीं. परंतु त्यांतील टोकनांचे पैसे उत्तराच्याच दरानें पडतात, आणि तें लिहून होईपर्यंत तिष्ठत बसावें लागतें तें वेगळेंच.

अधिक विचारानें अधिक अचूकता येत असेल, तर विचार सदैव कमाल मर्यादेवर ठेवावा, असें कोणालाही प्रथम वाटतें. पैशाची व वेळेची गोष्ट क्षणभर सोडली, तरी हें खरें ठरत नाहीं. २०२५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत मॉडेलांना अगदीं बालबोध प्रश्न घातले होते. एक सफरचंद आणि एक संत्रें, तर फळें किती? मात्र सफरचंद अमुक जातीचें असण्याचा संभव इतके टक्के, असा एक निरुपयोगी तपशील मुद्दाम त्यांत मिसळलेला. विचाराला जसजशी अधिक मुभा मिळाली, तसतशीं कांहीं मॉडेलें त्या टक्केवारींतच गुरफटत गेलीं. (अशा स्वभावाचीं माणसें कोणत्याही कमिटींत भेटतात.) कोडच्या कामांतही हाच अनुभव येऊं शकतो. एका बटणावरील शब्द बदलावयास सांगावें, आणि मदतनिसानें खूप विचार करून शेजारच्या चार फाइलींची फेररचना करून ठेवावी!

म्हणून कित्येक जण कामाचा आकार पाहून विचाराचें माप ठरवितात: मोठ्या कामाला अधिक, लहानाला कमी. हें माप अधिकच फसवें आहे. त्याचें उत्कृष्ट उदाहरण एआयच्या पूर्वींचें आहे.

मायक्रोसॉफ्ट कंपनीनें नोव्हेंबर २००६ मध्यें 'झून' नांवाचें गाणीं ऐकण्याचें छोटें यंत्र विक्रीस आणलें. तें दोन वर्षें सुरळीत चाललें. ३१ डिसेंबर २००८ रोजीं मात्र त्याच्या ३० जीबीच्या जुन्या जातीचीं यंत्रें एकाएकीं बंद पडलीं. दोष होता तो तारीख काढणाऱ्या दहाबारा ओळींच्या कोडमध्यें. यंत्र १ जानेवारी १९८० पासूनचे दिवस मोजी. उरलेले दिवस ३६५ हून अधिक आहेत तोंवर त्यांतून एकेक वर्ष वजा करावयाचें. लीप वर्ष असल्यास, दिवस ३६६ हून अधिक असतील तरच ३६६ वजा करावयाचे. वाचतांना यांत कांहीं वावगें वाटत नाहीं. परंतु लीप वर्षाच्या शेवटच्या दिवशीं उरतात बरोबर ३६६. ते ३६५ हून अधिक, म्हणून आवर्तन थांबत नाहीं. ३६६ हून अधिक नव्हेत, म्हणून वजा कांहींच होत नाहीं. यंत्र त्याच जागीं फिरत राहिलें. बॅटरी संपूं द्यावी व १ जानेवारीच्या दुपारपर्यंत वाट पाहावी, हाच उपाय लोकांना सांगण्यांत आला. दुसऱ्या दिवशीं दिवस ३६७ झाले, आणि हिशेब आपोआप सुटला.

असला कोड आज मदतनिसाकडे तपासावयास दिला, तर त्याच्या दहाबारा ओळी पाहून कमी विचार ठरवावा काय? येथें चूक डोळ्यांना दिसत नाहीं, नेहमींच्या वापरांत ती दोन वर्षें प्रकट होत नाहीं, आणि होते तेव्हां यंत्र गिऱ्हाइकाच्या हातांत गेलेलें असतें. अशा ठिकाणीं विचार भरपूर द्यावा. तारखांच्या सीमा, पैशांची वांटणी, एकाच नोंदीवर एकाच वेळीं दोघांनीं लिहिणें, कधीं येणारा व कधीं न येणारा बिघाड, हीं सर्व याच जातीचीं कामें. उलट, चूक झाल्यास पडद्यावर तत्काळ दिसेल आणि एका क्षणांत परत फिरवितां येईल, तर दोनशें ओळींच्या कामालाही कमी विचार पुरतो. आणखी असें कीं, एकाच कामांत हें माप बदलतें. ३६६ चा दोष शोधून काढणें हें अधिक विचाराचें काम. तो एकदां सांपडला म्हणजे अट दुरुस्त करणें आणि लीप वर्षाच्या अखेरची चांचणी लिहिणें कमी विचारांत उरकतें.

मदतनिसाचें उत्तर चुकलें कीं विचार वाढविण्याची अनेकांना संवय असते. त्याआधीं त्याच्या समोर काय होतें तें पाहावें. ज्या फाइलींत दोष आहे ती त्याला दाखविलीच नसेल, किंवा कोणती चूक दिसली हें सांगितलेंच नसेल, तर पंचांग न देतां मुहूर्त काढावयास सांगितल्यासारखें होतें. मग तो कितीही वेळ बसला तरी अंदाजच करणार, आणि लांब विचारानें तो अंदाज अधिक रुबाबदार भाषेंत येणार, एवढेंच.

कंपन्यांनीं घातलेलीं नांवेंही एकमेकांशीं जुळत नाहींत. एका मॉडेलमधील 'मध्यम' दुसऱ्यांतील 'मध्यम'इतकेंच असतें असें नाहीं. कांहीं न निवडल्यास 'ओ३-मिनी' मध्यम विचार धरतें, तर नोव्हेंबर २०२५ मधील 'क्लॉड ओपस ४.५' अधिक धरतें. यास्तव प्रोग्रॅमरनें आपल्याच कामांतील दहापंधरा जुने, उत्तर माहीत असलेले प्रश्न जपून ठेवावे, आणि नवें मॉडेल आलें म्हणजे ते प्रथम कमी विचारावर, मग मध्यमावर घालून पाहावे. त्यांत एखादी तारीख ३१ डिसेंबरची असावी.