वऱ्हाडात धावायचं तर पंचांग पाहून

वऱ्हाडात धावणं हौसेतून नाही, भरतीतून आलं. पहाटे अमरावतीहून परतवाड्याकडे किंवा अकोल्याहून अकोटकडे गाडीनं निघालं की रस्त्याच्या कडेनं पोट्टे पळताना दिसतात. अलीकडे पोट्ट्याही दिसतात. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर धावावं लागतं. 50 पैकी 20 गुण त्या एका धावेचे. म्हणून गावोगावी कुणीतरी रस्त्यावर चुन्यानं खूण करून अंतर मोजून ठेवलेलं असतं. शहरातले डॉक्टर, प्राध्यापक, बँकवाले धावायला लागले ते बरंच नंतर, महागडे बूट आणि मनगटावर घड्याळ घेऊन. रस्ता मात्र दोघांचा एकच.

अमरावतीला तर या वेडाचं जुनं घराणंच आहे. श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वैद्य बंधूंनी 1914 मध्ये उभं केलं. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकानं तिथं आपले देशी खेळ करून दाखवले. अशा गावात साठीचा माणूस अर्ध्या चड्डीत पळत निघाला तरी चहाच्या टपरीवर कुणाची मान वळत नाही.

पण इथं रानात धावायचं तर आधी माती ओळखावी लागते. कापसाची काळी माती पावसाळ्यात बुटाला अशी धरते की चार पावलांत पाय दुप्पट जड होतो. उन्हाळ्यात तीच माती भेगाळते आणि भेगेत घोटा मुरगळतो. म्हणजे शेताच्या पांदणीनं पळायचे महिने मोजकेच. टेकड्यांवर मुरूम आहे, पाणी लगेच निथळतं, पायाला थोडी लवचीक जमीन मिळते. वऱ्हाडातल्या चांगल्या धाववाटा मुरमाच्या आहेत, आणि मुरूम जिथं आहे तिथंच सागाचं रान आणि तलावही आहेत. दिवाळी ते होळी हा खरा हंगाम. त्यानंतर पळण्याजोगी वेळ आखूड होत जाते. मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 अंशांच्या पुढे जातो तेव्हा सकाळी सातचं ऊनही अंगावर येतं.

अमरावतीकरांची लाडकी वाट वडाळीची. शहराला पिण्याचं पाणी मिळावं म्हणून इंग्रजांच्या काळात वडाळी आणि छत्री हे तलाव बांधले गेले. त्यांच्या पाठीशी पोहरा-चिरोडीचं जंगल आहे. वडाळीच्या उद्यानापासून बांबू उद्यानाकडे किंवा छत्री तलावापासून भानखेड्याच्या रस्त्यानं निघालं की घरं पटकन मागे पडतात आणि साग, सालई, तेंदू, मोह सुरू होतात. पावसाळ्यात सागाला पांढरट मोहर येतो, तेव्हा पूर्ण टेकडी धुरकट दिसते. माघात हेच रान उघडं पडतं, पायाखाली सागाची वाळकी पानं कडाकडा मोडतात आणि मग पळस पेटतो. अनेकांना हिरवं रान आवडतं. मला विचाराल तर धावायला फाल्गुनातलं उघडं रान चांगलं. लांबवरचं दिसतं.

लांबवरचं दिसणं इथं शोभेपुरतं नाही. या जंगलात बिबटे आहेत आणि ते वडाळीच्या वस्तीपर्यंत, राज्य राखीव पोलीस दलाच्या छावणीच्या आसपास, विद्यापीठाच्या आवारातसुद्धा येतात. त्यांना मुख्यतः कुत्री हवी असतात. तरीही उजाडल्यावरच निघावं, दोघा-तिघांनी मिळून, कान मोकळे ठेवून. झुडपाजवळ वाकून नाडी बांधू नये, कारण वाकलेला माणूस बिबट्याला छोटा प्राणी वाटू शकतो. राखीव जंगलातल्या आतल्या पायवाटांना वनविभागाची परवानगी लागते. "रोजचंच तर आहे भाऊ" म्हणून कुंपण ओलांडणारे भेटतात. त्यांच्या मागे जाऊ नये.

ज्यांना इतकी सावधगिरी नको त्यांनी शहरातल्या मालटेकडीला फेऱ्या माराव्यात. रान नाही, पण चढ आहे.

खरा चढ चिखलदऱ्याचा. अमरावती समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटरच्या आसपास, चिखलदरा अकराशेच्या वर. धामणगाव गढीकडून चढणारा घाट धावपटूच्या पोटऱ्यांची परीक्षा घेतो आणि उतरताना गुडघ्यांची. चिखलदऱ्याला 'उंचीवरचा सराव' होतो असं काही जण मोठ्या अभिमानानं सांगतात. ते खरं नाही. केनियातले धावपटू ज्या इटेन गावात तयार होतात ते 2400 मीटरवर आहे. विरळ हवेचा फायदा अकराशे मीटरवर जवळपास मिळत नाही. चिखलदऱ्याचा फायदा वेगळा आहे: खाली अंगाची लाही होत असताना वर हवा सुसह्य असते, आणि गावात सपाट रस्ता शोधून सापडत नाही. शक्कर तलावाला वळसा घालून देवी पॉइंटकडे, तिथून गाविलगड किल्ल्याच्या दिशेनं, ही फेरी कुणालाही जमेल. याच किल्ल्यावर डिसेंबर 1803 मध्ये इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेनं हल्ला चढवला होता. तो चढ पाहिला की तोफा ओढणाऱ्या बैलांची कीव येते. मात्र मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात पायी फिरणंच चालत नाही, तिथं धावणं दूरच. 1973-74 मध्ये देशातले पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प जाहीर झाले, त्यांतला हा एक. सेमाडोह, कोलकासच्या रानात फिरायचं ते वाहनात बसून.

अकोल्याला डोंगर जवळ नाही, त्यामुळे अकोलेकर सपाटीवरचे. त्यांची पहाट डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या आवारात उजाडते. 1969 मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या प्रयोगशेतांमधून जाणारे रस्ते सावलीचे आहेत आणि वाहनं कमी. सुट्टीच्या दिवशी मंडळी पातूर रस्त्यावरच्या कापशी तलावाकडे जातात, हिवाळ्यात तिथं पाहुणे पक्षी उतरतात. पक्षी पाहणारे दुर्बिणी लावून बसले असतील तर काठानं धावत सुटू नये, निदान त्या भागात पाय संथ करावेत. एकदम थवा उडाला की शिव्या मिळतात, आणि त्या रास्त असतात.

अकोल्याला पाणी पाजणारं काटेपूर्णा धरण महानला आहे. त्याच्या भोवतीचं जंगल 1988 मध्ये अभयारण्य झालं, चौसिंगा हे तिथलं भूषण. आत धावता येत नाही; पण महानपर्यंतच्या रस्त्याला चढउतार आहेत आणि डिसेंबरात पाण्यावर धुकं असतं. याच दिवसांत कापूस जिनिंगकडे निघालेला असतो. गाठोड्यांनी फुगलेली वाहनं अर्धा रस्ता अडवतात आणि मागून येणाऱ्याला तुम्ही दिसत नाही. म्हणून उजव्या कडेनं, समोरून येणाऱ्या वाहनाकडे तोंड करून पळायचं, आणि मोठं वाहन दिसलं की खुशाल मुरमात उतरायचं.